जमिनीच्या मोबदल्यात विधानभवन : टेक्सासचे एक्स.आय.टी. कुरण आणि ऑस्टिनचे कॅपिटॉल

शासकीय इमारती सामान्यतः करांच्या उत्पन्नातून अथवा कर्जातून उभ्या राहतात. अमेरिकेतील टेक्सास राज्याचे ऑस्टिन येथील विधानभवन, म्हणजेच तेथील 'कॅपिटॉल', हे या नियमाला ठळक अपवाद आहे. १८८२ ते १८८८ या काळात बांधल्या गेलेल्या या इमारतीसाठी राज्याने कंत्राटदाराला मुख्यत्वे रोख रक्कम न देता तीस लाख एकर जमीन दिली. त्या जमिनीवर जगातील तत्कालीन सर्वांत मोठ्या कुंपणबंद गुरांच्या कुरणांपैकी एक उभे राहिले. 'एक्स.आय.टी. रँच' या नावाने ते ओळखले गेले. तीस लाख एकर म्हणजे सुमारे १२ हजार चौरस किलोमीटर. नाशिक जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे सुरगाण्यापासून येवल्यापर्यंतच्या या संपूर्ण जिल्ह्याचा पाऊण भागाहून अधिक विस्तार एकाच खाजगी कंपनीच्या तारेच्या कुंपणात होता, असे म्हटल्यास त्या कुरणाच्या आकाराची कल्पना येईल.

या व्यवहाराचा इतिहास अमेरिकेत बहुधा काउबॉयच्या रम्य कथांच्या अंगाने सांगितला जातो. प्रस्तुत लेखात मात्र त्याचा विचार सार्वजनिक वित्तव्यवहाराचा एक नमुना म्हणून केला आहे. सार्वजनिक जमीन देऊन सार्वजनिक इमारत मिळविण्याची पद्धत महाराष्ट्रालाही अपरिचित नाही, हे त्यामागील एक कारण होय.

रिकामी तिजोरी, अमाप जमीन

टेक्सास १८३६ पासून जवळजवळ दहा वर्षे स्वतंत्र प्रजासत्ताक होते. १८४५ मध्ये ते अमेरिकेच्या संघराज्यात सामील झाले, तेव्हा झालेल्या तडजोडीनुसार आपल्या प्रजासत्ताकाचे कर्ज त्याने स्वतःकडे ठेवले आणि त्याबरोबर आपली पडीक सार्वजनिक जमीनही स्वतःकडेच ठेवली. पश्चिमेकडील इतर राज्यांत अशी जमीन केंद्र सरकारच्या मालकीची असे. टेक्सासमध्ये ती राज्याची होती. या एका तरतुदीचे परिणाम पुढे दीडशे वर्षे होत राहिले.

१८६१ ते १८६५ या यादवी युद्धात टेक्सास पराभूत दक्षिणेच्या बाजूला होते. युद्धानंतर राज्याची तिजोरी रिकामी झाली. वाढीव कर लादणे राजकीयदृष्ट्या अशक्य होते आणि कर्ज काढण्यास विरोध होता. जमीन मात्र अमाप होती. १८७६ च्या राज्यघटनेत नव्या विधानभवनासाठी तीस लाख एकर जमीन राखून ठेवण्याची तरतूद करण्यात आली. पुढे १८७९ मध्ये गव्हर्नर ओरान रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत विधिमंडळाने तीस लाख पन्नास हजार एकर जमीन निश्चित केली. त्यांपैकी तीस लाख एकर बांधकामासाठी होती आणि उरलेली पन्नास हजार एकर विकून मोजणीचा खर्च भागवायचा होता. मोजणीचा खर्चसुद्धा जमिनीतूनच काढावा लागला, यावरून राज्याच्या आर्थिक स्थितीचा अंदाज बांधता येतो.

त्याच युद्धाचा परिणाम मुंबईवर नेमका उलटा झाला. अमेरिकेचा कापूस बंद पडल्याने इंग्लंडच्या गिरण्यांची मागणी पश्चिम हिंदुस्थानाकडे वळली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली. मोकळ्या झालेल्या जागेतील भूखंड विकून आलेल्या रकमेचा 'एस्प्लनेड फी फंड' उभारला गेला आणि त्यातून सार्वजनिक इमारतींना साहाय्य मिळाले. टेक्सासने गरिबीमुळे जे केले तेच मुंबईने, निराळ्या पद्धतीने, समृद्धीच्या लाटेवर केले. या निराळ्या पद्धतीचा विचार पुढे येईल.

करार आणि त्याचे भागीदार

इमारतीच्या आराखड्यासाठी स्पर्धा ठेवण्यात आली. डेट्रॉइटचे वास्तुविशारद एलिजा मायर्स यांचा आराखडा १८८१ मध्ये निवडला गेला. मिशिगन राज्याचे विधानभवन यापूर्वी त्यांनीच उभारले होते. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला ऑस्टिनमधील जुने विधानभवन आगीत भस्मसात झाले. त्यामुळे दिरंगाईला वाव राहिला नाही. बांधकामासाठी केवळ दोन निविदा आल्या. जानेवारी १८८२ मध्ये इलिनॉय राज्यातील रॉक आयलंड येथील मथायस श्नेल यांना कंत्राट मिळाले. तथापि श्नेल यांनी आपला बहुतांश हिस्सा लवकरच शिकागोच्या 'टेलर, बॅबकॉक अँड कंपनी'कडे सोपविला. ॲबनर टेलर, अमॉस बॅबकॉक, आणि जॉन व चार्ल्स हे फार्वेल बंधू अशा चौघांची ही भागीदारी 'कॅपिटॉल सिंडिकेट' म्हणून प्रसिद्ध झाली. जॉन फार्वेल हे शिकागोतील कापडाचे मोठे घाऊक व्यापारी होते. चार्ल्स फार्वेल पुढे अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य झाले. यांच्यापैकी कोणीही गुरे राखण्याच्या व्यवसायातील नव्हते.

कराराची रचना साधी होती. इमारतीचे काम जसजसे पुढे सरकेल तसतशी जमीन टप्प्याटप्प्याने सिंडिकेटच्या नावे होणार होती. त्या वेळच्या अंदाजानुसार एकरी सुमारे अर्धा डॉलर, म्हणजे एकूण पंधरा लाख डॉलर एवढी या जमिनीची किंमत होती. इमारतीचा खर्चही आरंभी याच्या आसपास गृहीत धरलेला होता. हे दोन्ही अंदाज चुकले; मात्र ते एकाच दिशेने चुकले नाहीत, आणि या व्यवहाराचे मूल्यमापन करताना इतिहासकारांत जे मतभेद आढळतात त्यांचे मूळ येथेच आहे.

दगडाचा प्रश्न आणि श्रमाचा प्रश्न

करारात इमारतीसाठी चुनखडीचा दगड ठरला होता. ऑस्टिनजवळच्या खाणीतील दगड प्रत्यक्ष पाहता त्यातील लोहयुक्त खनिजामुळे हवेत डाग पडू लागले. सिंडिकेटने इंडियाना राज्यातून दगड आणण्याचे सुचविले. गव्हर्नर जॉन आयर्लंड यांनी त्यास ठाम नकार दिला. टेक्सासच्या विधानभवनाला टेक्सासचाच दगड हवा, ही त्यांची भूमिका होती. अखेरीस बर्नेट परिसरातील ग्रॅनाइटच्या डोंगराच्या मालकांनी दगड विनामूल्य देऊ केला आणि गुलाबी छटेचा हा ग्रॅनाइट वापरण्याचे ठरले. आज इमारतीला जे रूप आहे ते या वादातून आले आहे.

दगड फुकट मिळाला तरी तो खोदणे, घडविणे आणि वाहून आणणे फुकट नव्हते. वाढीव खर्चावर तोड म्हणून राज्याने सिंडिकेटला तुरुंगातील कैदी मजूर म्हणून पुरविण्याचे कबूल केले. त्यांची संख्या हजारापर्यंत ठरली होती. खाणीपर्यंतचा अरुंद लोहमार्गही कैद्यांच्याच श्रमातून तयार झाला. गुलामगिरी संपुष्टात आल्यावर दक्षिणेकडील राज्यांत कैद्यांचे श्रम भाड्याने देण्याची पद्धत रूढ झाली होती आणि तिचा भार मुख्यत्वे कृष्णवर्णीयांवर पडत होता. कॅपिटॉलच्या वैभवाची वर्णने करताना हा हिशेब बहुधा मांडला जात नाही. जमिनीच्या मोबदल्यात इमारत मिळाली हे अर्धसत्य होय. जमिनीबरोबर माणसांचे श्रमही राज्याने दिले.

कैद्यांबरोबर काम करण्यास आणि त्यांना कसब शिकविण्यास ग्रॅनाइट घडविणाऱ्यांच्या संघटनेने नकार देऊन १८८५ मध्ये कामावर बहिष्कार टाकला. त्यावर उपकंत्राटदार गुस्ताव विल्की यांनी स्कॉटलंडमधील ॲबरडीनहून पाथरवट आणण्याची युक्ती काढली. १८८६ मध्ये ८६ जणांची भरती झाली. मात्र न्यूयॉर्कला उतरताच संघटनेच्या प्रतिनिधींनी त्यांना वस्तुस्थिती सांगितली. त्यांपैकी २४ जण तेथूनच मागे फिरले आणि ६२ जण टेक्सासला पोहोचले. परदेशी मजूर कराराने आणण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत आदल्याच वर्षी झाला होता. कायदेभंगाबद्दल १८८९ मध्ये ६४ हजार डॉलरचा दंड झाला. पुढे तो ८ हजारांवर आणला गेला. तोवर इमारत केव्हाच पुरी झाली होती.

कोनशिला २ मार्च १८८५ रोजी, टेक्सासच्या स्वातंत्र्यदिनी, बसविण्यात आली. मे १८८८ मध्ये आठवडाभराच्या समारंभाने वास्तू अर्पण झाली. समारंभ चालू असताना पावसाने छताला गळती लागल्याचे उघड झाले आणि दुरुस्ती होऊन राज्याने इमारत ताब्यात घेण्यास डिसेंबर उजाडला. एकूण खर्च ३७ लाख डॉलरच्या वर गेला. त्यांपैकी सुमारे ३२ लाख सिंडिकेटने सोसले व उरलेले सुमारे पाच लाख राज्याने.

कुरण : नाइलाजाने पत्करलेला धंदा

सिंडिकेटचा मूळ हेतू गुरे राखण्याचा नव्हता. जमीन लहान लहान तुकड्यांत शेतकऱ्यांना विकून नफा मिळवायचा, हा बेत होता. परंतु ही जमीन टेक्सासच्या वायव्य टोकाला, न्यू मेक्सिकोच्या सीमेलगत, उत्तर-दक्षिण दोनशे मैलांहून लांब अशा पट्ट्यात पसरलेली होती. दहा काउंटींचे भाग तिच्यात मोडत. १८८२ मध्ये बॅबकॉक यांनी ३६ दिवस फिरून तिची पाहणी केली. जवळपास रेल्वे नव्हती आणि वाहते पाणी क्वचितच होते. वस्ती तर अत्यल्प होती. गिऱ्हाईक येईपर्यंत जमिनीतून काहीतरी उत्पन्न निघावे म्हणून गुरांचा धंदा पत्करावा लागला.

त्यासाठी भांडवल लंडनमध्ये उभारले गेले. १८८५ मध्ये तेथे 'कॅपिटॉल फ्रीहोल्ड लँड अँड इन्व्हेस्टमेंट कंपनी' स्थापन झाली. तिचे अधिकृत भांडवल तीस लाख पौंडांचे होते. अमेरिकन गुरांच्या धंद्यात ब्रिटिश पैसा ओतला जाण्याचा तो काळ होता. कंपनीच्या अध्यक्षपदी मार्क्विस ऑफ ट्वीडेल होते. हे गृहस्थ तरुणपणी बंगालच्या मुलकी सेवेत होते व सिमल्याचे डेप्युटी कमिशनर म्हणून त्यांनी काम केले होते. हिंदुस्थानात प्रशासन शिकलेला माणूस टेक्सासच्या कुरणाचा लंडनमध्ये बसून कारभार पाहतो, ही बाब साम्राज्यकालीन भांडवलाच्या संचाराचे उत्तम उदाहरण ठरावे.

जुलै १८८५ मध्ये पहिला कळप बफेलो स्प्रिंग्ज येथे पोहोचला. तो आणणारे ॲब ब्लॉकर यांनीच कुरणाच्या गुरांवरील डागाची खूण सुचविली, असे सांगितले जाते. 'एक्स', 'आय' आणि 'टी' ही तीन रोमन अक्षरे एकाच सरळ लोखंडी पट्टीने पाच वेळा डागून काढता येतात आणि चोरांना ती सहजासहजी बदलता येत नाहीत, हा त्यामागील व्यावहारिक विचार होता. दहा काउंटींवरून हे नाव पडले ही कथा लोकप्रिय असली तरी ती मागाहून रचलेली दिसते.

काटेरी तारेच्या कुंपणाशिवाय या कुरणाची कल्पनाही करता येत नाही. जोसेफ ग्लिडन यांनी या तारेचे पेटंट १८७४ मध्ये मिळविले होते. जेथे लाकूड नाही, दगड नाही अशा मैदानात कुंपण घालणे तिच्यामुळे प्रथमच परवडू लागले. एक्स.आय.टी. च्या कुंपणाची लांबी कालांतराने सुमारे दीड हजार मैल झाली आणि तारेची एकूण लांबी सहा हजार मैल भरली. पाण्यासाठी विहिरी खोदून त्यांवर पवनचक्क्या बसविण्यात आल्या. १९०० पर्यंत त्यांची संख्या ३२५ झाली होती आणि सुमारे शंभर बंधारे बांधले गेले होते. उत्कर्षाच्या काळात दीड लाखाच्या आसपास गुरे, हजारांवर घोडे आणि दीडशे काउबॉय असा हा पसारा होता. दरवर्षी ३५ हजार वासरांना डाग दिला जाई.

१८८७ पासून व्यवस्थापक ए. जी. बॉइस यांनी कारभाराला शिस्त लावली. १८८८ मध्ये छापलेल्या नियमावलीत पिस्तूल बाळगणे, पत्ते व जुगार खेळणे आणि मद्य पिणे यांवर बंदी होती. चित्रपटांतील स्वच्छंद काउबॉय आणि या नियमावलीतील नोकर यांच्यात मोठे अंतर आहे. एक्स.आय.टी. मधील गुराखी हा कंपनीचा पगारी कामगार होता आणि कुरण ही एक प्रकारची गिरणीच होती.

'पडीक' जमीन कोणाची होती?

या सगळ्या हिशेबात जमीन आरंभी रिकामी होती असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः १८७४-७५ च्या रेड रिव्हर युद्धापर्यंत हा प्रदेश कोमांची आणि किओवा लोकांच्या वावराचा होता. त्यांची उपजीविका ज्या रानगव्यांच्या कळपांवर अवलंबून होती ते कातड्यांच्या व्यापारासाठी काही वर्षांतच संपविण्यात आले आणि पराभूत टोळ्यांना ओक्लाहोमातील राखीव क्षेत्रात जावे लागले. राज्यघटनेने १८७६ मध्ये जमीन राखून ठेवली ती युद्ध संपल्यानंतर लगेचच्याच वर्षी, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

दख्खनमध्ये याच दशकात दुसऱ्या मार्गाने हेच घडत होते. १८७८ च्या वन कायद्यानंतर गावोगावची गायराने व डोंगरकुरणे सरकारी राखीव जंगलात ओढली जाऊ लागली. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथात जंगल खात्याने गायराने गिळंकृत केल्यामुळे शेतकऱ्याच्या जनावरांची जी दैना झाली तिच्यावर कडक टीका केली आहे. टेक्सासमध्ये कुंपण कंपनीने घातले, येथे ते कायद्याने घातले गेले. दोन्हीकडे महसुली दप्तरात 'पडीक' ठरलेली जमीन प्रत्यक्षात कोणाच्या तरी वापरातील होती.

लाभ कोणाचा?

गुरांच्या धंद्यात सिंडिकेटला अपेक्षित नफा मिळाला नाही. १८८० च्या दशकाच्या मध्यात बाजारभाव कोसळले. १८८६ च्या जानेवारीतील हिमवादळ, वणवे, दुष्काळ, लांडगे आणि गुरेचोरी यांची भर पडली. लंडनचे कर्जरोखेधारक व्याजासाठी तगादा लावून होते. १९०१ पासून मोठ्या तुकड्यांत जमीन विकण्यास सुरुवात झाली. १ नोव्हेंबर १९१२ रोजी शेवटची गुरे विकली गेली. लंडनची कंपनी त्यापूर्वीच, १९०९ मध्ये, गुंडाळण्यात आली होती. जमिनीचा शेवटचा तुकडा मात्र १९६३ मध्ये विकला गेला.

या आकड्यांवरून राज्याने उत्तम सौदा केला, असा निष्कर्ष अनेकांनी काढला आहे. पंधरा लाखांच्या जमिनीत बत्तीस लाखांचे बांधकाम मिळाले, हा त्यांचा युक्तिवाद. तो १८८८ पुरता खरा आहे. परंतु १८७६ च्या त्याच राज्यघटनेने राज्य विद्यापीठासाठी दहा लाख एकर जमीन राखून ठेवली होती आणि १८८३ मध्ये तीत आणखी दहा लाख एकरांची भर पडली. पश्चिम टेक्सासमधील ही जमीनही तेव्हा निरुपयोगी समजली जाई. तिच्यावरील चराईच्या भाड्यातून फारसे काही निघत नसे. विद्यापीठाने ती विकली नाही. २८ मे १९२३ रोजी तेथील 'सांता रीटा' विहिरीतून तेल उसळले आणि त्या जमिनीच्या उत्पन्नातून अमेरिकेतील अत्यंत संपन्न विद्यापीठनिधींपैकी एक तयार झाला. एक्स.आय.टी. च्या पट्ट्यातील हॉक्ली आणि कॉक्रन या काउंटींतही १९३० च्या दशकात तेल सापडले. तेव्हा ती जमीन राज्याची उरलेली नव्हती.

हे १८८२ मध्ये कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जमिनीच्या मोबदल्यातील कराराची मूळ अडचण हीच आहे. इमारतीचा खर्च काही वर्षांत कळतो; जमिनीची किंमत कळण्यास पिढ्या लागतात. त्यामुळे सौदा झाला त्या दिवशी दोन्ही बाजू समान दिसतात आणि पुढे कधीच समान राहत नाहीत.

मुंबई व दिल्लीतील दोन उदाहरणे

मुंबईच्या एस्प्लनेडवरील व्यवहार या दृष्टीने वेगळा ठरतो. तेथे जमीन कंत्राटदाराला दिली गेली नाही. ती भूखंड पाडून विकण्यात आली, खरेदीदारांवर बांधकामाच्या अटी घालण्यात आल्या, आणि आलेला पैसा निधीत जमा झाला. इमारतींचे काम स्वतंत्रपणे चालले. १८७४ मध्ये पूर्ण झालेले जुने सचिवालय आणि १८७८ मधील उच्च न्यायालय या त्याच कालखंडातील वास्तू होत. उच्च न्यायालयाचा खर्च सुमारे साडेसोळा लाख रुपये झाला. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, बॅकबे कंपनी बुडाली, जमिनीचे दरही खाली आले. तरी जमीन आणि इमारत हे दोन हिशेब वेगळे असल्याने कोणता व्यवहार कोठे फसला हे तपासता येत होते.

टेक्सासच्या पद्धतीशी अधिक साम्य असलेले उदाहरण अलीकडचे आहे. नवी दिल्लीतील नवे महाराष्ट्र सदन, ज्याचे उद्घाटन जून २०१३ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले, ते शासनाने रोख खर्च न करता बांधून घेतले. विकासकाला त्याच्या मोबदल्यात मुंबईतील अंधेरी येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या जागेचे विकासहक्क मिळाले. जमिनीचे आणि बांधकामाचे मूल्य योग्य रीतीने ठरविले गेले काय, हा प्रश्न विधिमंडळात व न्यायालयात गेला. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने २०१५ मध्ये गुन्हा नोंदविला आणि २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने तत्कालीन सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांसह अन्य काही आरोपींना दोषमुक्त केले. व्यक्तींच्या दायित्वाचा प्रश्न अशा रीतीने न्यायालयासमोर गेला. मोबदल्याच्या मूल्यमापनाचा प्रश्न त्याहून निराळा आहे. रोख रकमेच्या कंत्राटात निविदेचा आकडा अर्थसंकल्पात दिसतो, विधिमंडळ त्यावर मतदान करते, लेखापरीक्षक तो तपासतो. जमीन अथवा चटईक्षेत्र हेच चलन झाले की तो आकडा कोठेच उमटत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनापासून बसस्थानकांच्या विकासापर्यंत ही पद्धत महाराष्ट्रात आता सर्रास वापरली जाते. १८७९ मधील टेक्सासच्या विधिमंडळाने निदान एकरांचा आकडा कायद्यातच लिहून ठेवला होता.

ऑस्टिनची इमारत आजही विधिमंडळाच्या वापरात आहे. ६ फेब्रुवारी १९८३ रोजी लागलेल्या आगीनंतर तिचे जतन करण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले आणि जागा अपुरी पडत असल्याने तिच्या उत्तरेस जमिनीखाली एक विस्तारित इमारत बांधण्यात आली. ती १९९३ मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्च आला आणि तो राज्याने पैशातच दिला.